फायलीतली सही

'आपण पाठवलेल्या मतपत्रिकेच्या पाकिटावरची सही आमच्या दप्तरी असलेल्या आपल्या सहीशी जुळत नाही.'

रोलंड स्टेनरूडनं हे वाक्य रस्त्याकडेच्या टपालपेटीपाशी उभ्याउभ्याच तीनदा वाचलं. कागद फिक्कट पिवळा होता. खाली लिहिलं होतं की सोबतच्या पत्रकावर पुन्हा सही करून पाठवा, किंवा ओळखपत्र घेऊन ब्रॉडीच्या निवडणूक कचेरीत समक्ष या. एकवीस तारखेपर्यंत दुरुस्ती झाली नाही तर आपलं मत मोजलं जाणार नाही. निवडणूक होऊन सहा दिवस झाले होते. समोरच्या बागेत तोडणीतून राहिलेली सफरचंदं झाडांखाली सडत पडली होती आणि त्यांचा आंबूस, दारूसारखा वास हवेत दाटला होता. माझी सही माझ्या सहीशी जुळत नाही! शहात्तर वर्षांच्या आयुष्यात एवढा शहाणा कागद त्यानं पाहिला नव्हता. ते पाकीट त्यानं स्वतः, स्वतःच्या हातानं, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी घाम पुसत सही करून पाठवलं होतं. तीन दिवस मतपत्रिका पसरून बसला होता. एकेका नावापुढचा गोल काळा करताना पेन कागदात घुसत होतं. मग पाकिटाची कड जिभेनं ओली केली तेव्हा त्या डिंकाची चव संध्याकाळपर्यंत तोंडातून गेली नव्हती. कुणाचं तरी उष्टं चाटल्यासारखी. आणि शेवटी सही. ती करताना आडनाव चौकटीबाहेर सांडलं. ते पाहून त्याचं त्यालाच कसंसं झालं होतं. चपलेखाली चिरडलेल्या किड्याचे पाय वळवळावेत तशी ती अक्षरं. पण होती त्याचीच.

घरात येऊन त्यानं कॉफीचा कप नळाखाली धरला आणि कप विसळता विसळता त्याला कळलं. मर्ना! अर्थात मर्ना. कचेरीतली सही त्याची नव्हतीच कधी.

नळ वाहत राहिला. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात गॅसवाल्याला चेक द्यायचा होता आणि त्यानं लागोपाठ दोन चेक खराब करून फाडले होते. लहानपणी शाळेत त्याचा डावा हात बाकाला बांधून ठेवत. उजव्या हातानं जे काही उमटायचं ते बघून वर्ग हसायचा. आकडे त्याला जमत. एकेचाळीस वर्षं तो कालव्यावर पाटकरी होता. कुठल्या दारातून किती पाणी सोडलं ते रोज वहीत नेटक्या आकड्यांत लिहायचा, त्यात कधी चूक नाही. अक्षरं मात्र त्याला जिवंत प्राण्यांसारखी वाटत. हात लावला की चावणारे. मर्नानं तिसरा चेक त्याच्या हातातून काढून घेतला. ‘दे इकडे. काय एवढं त्यात!’ मग कॅलेंडरच्या पाठीवर तिनं त्याचं नाव दहाबारा वेळा लिहून पाहिलं. गोल, ऐसपैस, किंचित उजवीकडे रेललेलं. ‘बघ, तुझ्यापेक्षा तुझी सही मलाच चांगली येते.’ दोघंही हसले होते. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षं पोरींच्या शाळेचे कागद, विमा, कराचे कागद, मुलीच्या लग्नातली पत्रं, मतदारयादीचा अर्ज, सगळीकडे रोलंड स्टेनरूड म्हणून मर्नाच सही करत आली. चर्चमध्ये कुणी म्हणायचं, रोलंड, तुझं अक्षर मोठं देखणं हो. तो मान हलवायचा. मान हलवताना त्याला काहीच वाटत नसे, हे आता आठवून त्याला शिसारी आली. एवढं सुखानं फुकटचं खात होतो आपण.

मतदानाचंही तसंच. या राज्यात मतपत्रिका टपालानंच घरी येते. ती टेबलापाशी दोन मतपत्रिका पसरून बसायची आणि तो बाहेरच्या खोलीत खुर्चीत पाय वर करून सामना बघत असायचा. ती आतून नावं वाचायची, तो बाहेरून उत्तरं द्यायचा. ‘शेरीफ?’ ‘जुनाच.’ ‘शाळा समिती?’ ‘तो कोण, बर्गेटचा जावई, त्याला सोडून कुणीही.’ ती गोल काळे करायची, सही करायची, दोन्ही पाकिटं अग्निशमन केंद्राबाहेरच्या पेटीत टाकून यायची. आणि तो गावभर सांगायचा, ‘मी एकही निवडणूक चुकवलेली नाही.’

एक संध्याकाळ मात्र त्याच्या डोक्यातून जाता जात नव्हती. दोन वर्षांपूर्वीची. गावाची रुग्णवाहिका चालू ठेवायला घरपट्टीवर जादा पट्टी बसवायची का, असा प्रश्न होता. मर्नानं आतून विचारलं, ‘रुग्णवाहिकेचं काय करू?’ तो म्हणाला, ‘नाही.’ मग ती पुन्हा म्हणाली, ‘रोलंड, अरे रुग्णवाहिकेचं विचारतेय.’ ‘ऐकलं मी. नाही म्हणजे नाही. दर वर्षी एक नवी पट्टी काढतात. त्यांना काय, आपली कातडी सोलायचीय.’ हे वाक्य त्याचं नव्हतंच. ड्वेन क्रॅबचं होतं. ड्वेन त्याचा चाळीस वर्षांचा मित्र. पट्टीविरुद्धची पत्रकं तोच दारोदार वाटत होता. आतून मर्ना म्हणाली, ‘बरं.’ एवढंच. पट्टी सहा मतांनी पडली. रुग्णवाहिका विकली गेली. आणि या एप्रिलमध्ये मर्ना कपडे धुण्याच्या खोलीत कोसळली तेव्हा ब्रॉडीहून, तीस मैलांवरून, गाडी यायला सत्तेचाळीस मिनिटं लागली. तो फरशीवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. कपडे वाळवायचं यंत्र तसंच चालू राहिलं. आत कुठल्यातरी शर्टाचं बटण पत्र्यावर टकटक करत होतं. तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती आणि तो ती पुसत नव्हता. पुसायचं सुचलंच नाही असं तो पुढे मुलींना म्हणाला. खरं म्हणजे त्याला किळस आली होती. अठ्ठेचाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्या लाळेची किळस.

तो नळ बंद करून टेबलापाशी बसला. मर्ना गेल्यापासून त्याला रात्रंदिवस वाटत होतं की गाडीला उशीर झाला. आणि आज पहिल्यांदाच त्यानं तो विचार पुढे नेला. ते ‘नाही’ कुणाच्या हातानं लिहिलं गेलं होतं? तिच्या. तिनंच, पेन धरून, त्याच्या मतपत्रिकेवर. की... आणि इथे त्याच्या मनानं असं काही केलं की त्याला स्वतःचीच लाज वाटली. मनानं एक पळवाट काढली. तिनं ऐकलंच नसेल कशावरून? ‘बरं’ म्हणाली, पण गोल कुठला काळा केला? गेल्या काही वर्षांत ती शेरीफचं, न्यायाधीशाचं विचारेनाशीच झाली होती आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. कदाचित ती त्याचं मत स्वतःच्याच मनानं देत असेल. कदाचित त्याच्या नावावर ‘हो’ पडलं असेल आणि तो निर्दोष असेल. मेलेल्या बायकोनं आपल्याला फसवलेलं असावं म्हणून देवाची करुणा भाकणारा माणूस! तो उठून मोरीत थुंकला.

दुपारी ट्रूडी व्हॅलेंटा आली. पूर्वी शाळेची बस चालवायची, आता पट्टीच्या बाजूनं तिनं कंबर कसली होती. यंदा पट्टी पुन्हा मताला टाकली होती. तिच्या एका हातात याद्या अडकवलेली पाटी आणि दुसऱ्या हातात भोपळ्याचा पाव.

‘मिस्टर स्टेनरूड, तुमचं पाकीट अडकलंय ना? यादीत नाव पाहिलं आणि तशीच निघाले.’

‘यादी सगळ्यांना मिळते?’

‘मागितली की देतात. ऐका, चार मतांनी मागे आहोत आपण. एकोणीस पाकिटं अडकलीयत, कुणी सहीच विसरलंय, कुणाची जुळत नाहीये. एकेक दुरुस्त करून घेतलं ना, तर निघतो आपण!’

‘मी कुठे मत दिलंय ते तुम्हांला काय ठाऊक?’

ती हसली. दातांना लालीचा डाग लागला होता. मग तिनं आवाज एकदम खाली आणला आणि त्याच्या मनगटावर हात ठेवला. ‘मर्नासाठी तरी कराल ना?’

हात उबदार आणि दमट होता. मर्नाचं नाव तिनं असं काढलं की जणू बाजारात शेवटचं वजन टाकून पारडं खाली करतेय. तिचं काही चुकत नव्हतं. तिची बाजू बरोबर होती, त्यानं यंदा मतही त्याच बाजूला दिलं होतं. तरी त्याला तिचा तो हात ओल्या फडक्यासारखा उचलून फेकावासा वाटला. ‘बघतो,’ तो म्हणाला. ती गेल्यावर पाव त्यानं तसाच कचऱ्यात टाकला आणि मग अन्न टाकलं म्हणून स्वतःवरच चरफडला.

संध्याकाळी ड्वेनचा फोन. ‘काय रे रोली, तुझं मत दाबलं म्हणे हरामखोरांनी?’

‘दाबलं नाही. सही जुळत नाही म्हणतात.’

‘तेच ते! तुझं अक्षर तर छापल्यासारखं असतं लेका. मुद्दाम आपल्या माणसांची अडवतात. उद्या नऊला तयार राहा, मी नेतो ब्रॉडीला. तुला त्या डोळ्यांनी एवढी गाडी झेपायची नाही.’

रोलंडच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. माझं मत तुझ्याविरुद्ध आहे, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तो म्हणाला, ‘बरं.’ आणि फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की मर्नाही असंच म्हणाली होती. भांडायचा कंटाळा आला की माणूस म्हणतं तसं.

ड्वेनच्या गाडीत कुत्र्याचा आणि चघळायच्या तंबाखूचा वास होता. दोघांच्या मध्ये एक कागदी पेला ठेवलेला, त्यात तो अधूनमधून पिचकारी टाकत होता. कालवा कोरडा पडला होता. हिवाळ्यापुरतं पाणी बंद करतात तेव्हा तळाशी राहतो तसा हिरवट गाळ, त्यात मेलेले मासे. ड्वेन बोलत होता. ट्रूडी व्हॅलेंटाला नोकरी हवीय रुग्णवाहिकेच्या कचेरीत, म्हणून हा सगळा कळवळा. पोरंबाळं गाव सोडून गेली, म्हाताऱ्यांच्या उरावर पट्ट्या. ‘आणि मर्नाचं म्हणशील तर,’ तो म्हणाला, ‘डॉक्टरच म्हणाला ना, पाच मिनिटांत आली असती गाडी तरी काही उपयोग नव्हता.’ डॉक्टर तसं म्हणाला नव्हता. डॉक्टर म्हणाला होता, सांगता येत नाही. ते वाक्य ड्वेननं अंत्यविधीच्या दिवशीच आपल्या सोयीचं करून घेतलं होतं आणि गेले सात महिने तो ते परत परत, प्रेमानं, पाठीवर थाप मारून रोलंडला देत होता. आणि रोलंडही ते घेत होता. पेल्यात तपकिरी लाळ हिंदकळत होती. रोलंडनं काच खाली केली.

कचेरीत इव्हेट सालदान्या नावाची चाळिशीची बाई होती. केस घट्ट बांधलेले, चष्मा साखळीला. ड्वेन दाराबाहेरच्या बाकावर बसला. बाईनं रोलंडचं ओळखपत्र पाहिलं, मग संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. ‘ही यंदाची. आणि या आधीच्या.’

एकाखाली एक सात सह्या होत्या. त्याला वाटलं होतं आपण तयार आहोत. पण घरात मर्नाचं जे काही उरलं होतं, कपडे, चष्मा, बाजारहाटाच्या चिठ्ठ्या, त्या सगळ्यांत ती मेलेली होती. इथे ती जिवंत होती, कारण इथे ती तो होती. पहिल्या सहीतलं ‘आर’ हे अक्षर मोठं, ठसठशीत. पुढे पुढे घाई. सहावीत आडनावाचं शेपूट जरा खाली ढळलेलं. त्या वर्षी तिच्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली होती. मनगट दुखत असतानाही तिनं त्याचं नाव लिहिलं होतं, आणि तो बाहेर खुर्चीत होता. शेवटची सही दोन वर्षांपूर्वीची. त्याच पाकिटावरची. तिच्यावर त्यानं बोट टेकवलं आणि ते तिथेच ठेवलं, तेव्हा बाईला काळजी वाटली.

‘पाणी देऊ का?’

‘हे दोन वर्षांपूर्वीचं पाकीट. आत काय होतं ते कळतं का तुम्हांला?’

‘म्हणजे मत? नाही हो. पाकीट उघडलं की मतपत्रिका वेगळी होते, गठ्ठ्यात मिसळते. कुणाची कुठली ते कुणालाच सांगता यायचं नाही.’ ती हसली. ‘देवानं विचारलं तरी नाही.’ मग ती पुन्हा संगणकाकडे वळली. ‘सही का बदलली, त्याचं कारण भरावं लागतं इथे. वय, आजारपण, दुखापत, नाव बदललं असेल तर...’

‘सही बदललेली नाही,’ तो म्हणाला. ‘माझी बायको—’

बाईचे हात थांबले. तिनं दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. मग तिनं चष्मा काढला आणि हळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं, ‘मिस्टर स्टेनरूड, मला एवढंच सांगा. यंदाच्या पाकिटावरची सही तुम्ही स्वतः केलीत?’

‘हो.’

‘स्वतःच्या हातानं?’

‘हो. पण आधीच्या सगळ्या—’

‘आधीच्यांचं मी विचारलेलं नाही. आणि तुम्ही काही सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. तुमच्या पत्नी गेल्या ना एप्रिलमध्ये? त्यांचं नाव यादीतून मीच कमी केलं.’ तिनं कळ दाबली. ‘वय,’ ती म्हणाली. ‘वयानं हात बदलतो. सगळ्यांचाच.’

त्याला हे असं नको होतं. कुणीतरी ओरडावं, पोलिसाला बोलवावं, अठ्ठेचाळीस वर्षांचा हिशेब विचारावा, असं काहीतरी त्याला हवं होतं. आणि ही बाई टेबलावरचा सांडलेला चहा पुसावा तशी ते सगळं एका हातानं पुसून मोकळी झाली होती. आणखी बोलावं तर मर्नाचं नाव गुन्हेगार म्हणून कागदावर चढणार. गप्प राहावं तर तो सज्जन मतदार म्हणून बाहेर पडणार. या दुसऱ्यात किती ऊब होती! तिनं दुरुस्तीचं पत्रक पुढे केलं. त्यानं पेन डाव्या हातात घेतलं, पुन्हा उजव्यात घेतलं, आणि चौकटीत आपलं नाव लिहिलं. तेच चिरडलेले पाय. बाईनं आणखी दोन नमुने मागितले. तिन्ही एकमेकांशी जेमतेम जुळत होते. ‘आता यापुढे हीच धरायची,’ ती म्हणाली आणि कागद यंत्रात घातला. पडद्यावर सर्वांत वर त्याची सही उमटली; मर्नाच्या सात एकेक ओळ खाली सरकल्या.

पट्टी पुढच्या आठवड्यात मंजूर झाली. अडकलेल्या एकोणिसांपैकी तेरा पाकिटं दुरुस्त झाली होती, आणि शेवटच्या टपालातली मतं धरून ती अकरा मतांनी निघाली. त्याचं एक मत नसतं तरी निघाली असती. पण त्या सकाळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या सकाळी तो कचेरीतून बाहेर आला तेव्हा ड्वेन बाकावरून उठला, त्यानं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि गाडीत बसेपर्यंत काढला नाही.

‘झालं ना? वाढलं की नाही आपलं एक मत!’ किल्ली फिरवत ड्वेन म्हणाला. ‘चल, वाटेत मटणाचा रस्सा खाऊ. माझ्याकडून.’

गाव सुटलं. रोलंडच्या बोटांना पेनाची शाई लागली होती. ती तो विजारीला पुसत राहिला. घरी पोचेपर्यंत गप्प बसणं अगदी सोपं होतं. रस्सा खायचा, पाठीवरची थाप घ्यायची. मतदान गुप्त असतं, कायदाच तसा आहे. त्याला वाटलं, आपलं उभं आयुष्य असंच कुणाच्या तरी आडोशानं गेलं, आणि आडोसा देणारं माणूस गेलं तरी आपण दुसरा शोधतोच आहोत. मघाशी ती चष्मेवाली बाई, आता कायदा.

‘माझं “हो” आहे, ड्वेन,’ तो म्हणाला.

‘काय हो?’

‘पट्टीला. यंदा मी “हो” म्हटलंय.’

गाडी तेवढ्याच वेगानं चालत राहिली. कालव्याच्या पुलापाशी मात्र ड्वेननं ती कडेला घेतली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसला. त्याच्या मानेवरची कातडी लाल झाली होती.

‘तीस मैल आणलं मी तुला. साठ, परतीचे धरून.’

‘हो.’

‘सांगायचं तरी लेका.’

‘सांगायला हवं होतं.’

‘त्या ट्रूडीनं भरवलं तुझ्या डोक्यात?’

‘नाही.’

‘मग? मर्नामुळे?’ ड्वेन वळला. त्याच्या डोळ्यांत राग होता, पण रागाच्या मागे भीती होती; ती रोलंडनं आज पहिल्यांदाच पाहिली. डॉक्टरचं ते वाक्य हा माणूस सात महिने कुणासाठी घोकत होता, ते त्याला कळलं. ‘अरे, गेल्या वेळी तर तूही “नाही”च दिलं होतंस! माझ्याइतकंच! आता एकट्या मला... दिलं होतंस की नाही?’

उत्तर तयार होतं, आणि ते खरंही होतं: मला माहीत नाही. त्या उत्तराला कुणी आव्हान देऊ शकलं नसतं, कचेरीही नाही. रोलंडच्या तोंडाला पाणी सुटावं तशी लाळ आली आणि त्या लाळेची त्याला अशी काही किळस वाटली की ती गिळणंही जड गेलं. त्यानं ती गिळली.

‘तिनं दोनदा विचारलं होतं,’ तो म्हणाला. ‘दोन्ही वेळा मी “नाही” म्हणालो.’